फळी गादीच्या खाली होती

दिवाळीला अकोल्याला घरी गेले होते, तेव्हा रात्री तीनच्या सुमारास जाग आली. बाहेरच्या खोलीत दिवा लागलेला. बाबा पलंगावर बसून उजवा खांदा चोळत होते. पलंगावर प्लायवूडची फळी, फळीवर सतरंजी, सतरंजीवर चादर. एवढंच. अकरा वर्षांपूर्वी कंबर धरली तेव्हा एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, "गादी बंद. फळीवर झोपायचं." बाबांनी ते व्रतासारखं पाळलं. कंबर अधूनमधून दुखतच राहिली. गेल्या तीन वर्षांत त्यात खांद्याची भर पडली.

"तू फोमवरच शिकून राहिली ना? मग सांग, मी कायच्यावर झोपू?"

मी गप्प. माझं संशोधन एरंडेल तेलापासून बनवलेल्या पॉलियुरेथेन फोमवर आहे. मी रोज फोमचे तुकडे अर्ध्या जाडीपर्यंत दाबून ७० अंशांच्या भट्टीत २२ तास ठेवते आणि बाहेर काढल्यावर ते किती परत फुलतात ते मोजते. गादी आयुष्यभरात किती बसेल याचा अंदाज त्यावरून येतो. पण त्या गादीवर माणसाने झोपावं की नाही, आणि झोपायचं तर किती मऊ, यावर मी एकही पेपर वाचला नव्हता. लाज वाटली. पुण्याला परत आल्यावर दोन महिने फावल्या वेळात तेच वाचत बसले. आजची पोस्ट त्या वाचनाची आहे. शेवटी गादी कशी निवडायची तेही येईल, पण आधी थोडं मागे जावं लागेल. कारण "पाठीला कडक चांगलं" हे वाक्य आपण सगळे इतक्या सहज म्हणतो, की ते कुठून आलं हे कुणी विचारतच नाही.

माणूस उघड्या जमिनीवर झोपायचा आणि पुढे सुखासीन होऊन गाद्या वापरायला लागला, असं आपल्या डोक्यात असतं. पुरावा वेगळंच सांगतो. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतात सिबुडू नावाची एक गुहा आहे. तिथे सुमारे ७७ हजार वर्षांपूर्वीच्या गवती अंथरुणाचे थर सापडले. लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतींचा थर आणि त्यावर एका विशिष्ट झाडाची पानं. ती पानं कीटकांना पिटाळतात. अंथरूण जुनं झालं की ते जाळून टाकायचे आणि त्याच जागी नवं घालायचे. त्याच देशातल्या बॉर्डर केव्हमध्ये तर २ लाख वर्षांपूर्वीचं, राखेवर पसरलेलं गवती अंथरूण मिळालं आहे. म्हणजे शेतीच्या कितीतरी आधीपासून माणसाला दोन गोष्टी हव्या होत्या: अंगाखाली काहीतरी दबणारं, आणि त्यात किडे नकोत. आजच्या गादीच्या जाहिरातीही याच दोन गोष्टी विकतात.

आपल्याकडे यावर निघालेलं उत्तर मला फार हुशारीचं वाटतं. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३३३ च्या सुमारास हिंदुस्थानात आला, पुढे दौलताबादलाही राहून गेला. त्याने इथल्या खाटांचं मुद्दाम वर्णन केलं आहे. एका माणसाला उचलता येईल इतकी हलकी, चार पाय, चार दांड्या, मध्ये रेशमी किंवा सुती दोऱ्यांचं विणकाम. ती स्वतःच लवचीक असल्याने मऊपणासाठी वर आणखी काही लागत नाही, असं त्याचं निरीक्षण आहे. गाद्यांना खोळी घालतात आणि मळल्या की फक्त खोळी धुतात, हेही त्याने नोंदवलंय. परक्या माणसाला या गोष्टीचं नवल वाटलं हे वाचून मजा वाटली.

बाजेचं विणकाम तुमच्या वजनाप्रमाणे आकार घेतं. जिथे जास्त वजन तिथे जास्त खाली जातं, आणि खालून हवा खेळत राहते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात याला तोड नाही. तोटा एकच, सुंभ किंवा नवार सैल झाली की बाजेची झोळी होते. मग पायथ्याची दोरी ताणून घ्यायची. माझे आजोबा दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला हे काम करायचे आणि आम्हा पोरांना ताण बघायला वर उड्या मारायला लावायचे. ही झोळी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग कापसाची गादी. मी कापसाच्या मुलखातली, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार. सरकी काढलेली रुई तशीच खोळीत भरली तर गठ्ठे होतात. पिंजारी धनुष्यासारख्या पिंजणाची तार रुईत धरून वर लाकडी दस्त्याने ठोका देतो. तार थरथरते, तंतू सुटे होऊन उडतात आणि त्यांच्यामध्ये हवा शिरते. त्या तारेचा आवाज चाळिशीपुढच्या वाचकांना नक्की आठवत असेल. आमच्या गल्लीत तो मी लहानपणी शेवटचा ऐकला. कापसाच्या तंतूची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असते, तरीही पिंजलेली गादी हलकी लागते, कारण तिच्यात बहुतांश हवाच असते. पिंजारी खरं तर हवा भरत असतो. मग दाभणाने टाके घालून ती हवा जागच्या जागी राहील अशी व्यवस्था करतो.

ही हवा टिकत का नाही? कापूस म्हणजे सेल्युलोज. सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. घामाचा, पावसाळ्याचा ओलावा आत शिरला की हे बंध सुटतात, आणि वाळताना तंतू ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत पुन्हा जुळतात. सुती शर्ट चुरगळतो त्याचं कारण हेच. तुम्ही रात्रभर दाबून धरलेले तंतू दाबलेल्या अवस्थेतच कायम होतात. म्हणून कापसाची गादी बसते, आणि जिथे तुम्ही झोपता तिथेच बसते. उन्हात टाकली की ओलावा जातो, गादी थोडी फुलते, शिवाय धुळीतल्या माइट्सना लागणारी दमट हवा मिळत नाही. (घरातल्या धुळीची ॲलर्जी मुख्यतः या सूक्ष्म कोळीवर्गीय जिवांमुळे होते हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ मध्ये दाखवलं. आपल्या आज्या गाद्या त्याआधीपासूनच गच्चीवर टाकत होत्या.) पण गच्च दाबलेले तंतू पुन्हा सुटे करायला ऊन पुरत नाही. त्यासाठी पिंजावंच लागतं. दर एक-दोन वर्षांनी पिंजारी बोलावणं ही चैन नव्हती, ते गादीचं सर्व्हिसिंग होतं. पिंजारी येणं थांबलं, गाद्या मात्र तशाच राहिल्या. मग "कापसाची गादी पाठीला वाईट" असं आपण म्हणायला लागलो. पंधरा वर्षं न पिंजलेली गादी वाईटच असणार.

आता मूळ प्रश्न. डॉक्टरांच्या तोंडी फळी कुठून आली?

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जॉन हिल्टन नावाचे एक सर्जन होते. विश्रांती हाच शरीराचा मोठा वैद्य आहे, अशा मांडणीची त्यांची व्याख्यानं १८६३ मध्ये पुस्तकरूपाने आली. 'रेस्ट अँड पेन' या नावाने ते पुस्तक पुढे कित्येक पिढ्यांनी वाचलं. त्याच काळात लिव्हरपूलला ह्यू ओवेन थॉमस हाडांवर उपचार करत होते. त्यांच्या नावाचा थॉमस स्प्लिंट आजही वापरात आहे. त्यांचा आग्रह असा की दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी. हे वेडेपणाचं नव्हतं. तेव्हा हाडांचा क्षयरोग सर्रास होता आणि त्यावर औषध नव्हतं. क्षयाने पोखरलेला मणका हलू न देणं हाच उपचार होता.

पुढे १९३४ मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी दाखवलं की मणक्यांमधली चकती फाटून मज्जातंतूवर दाब आला की पायात कळ जाते. "स्लिप डिस्क" हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला त्याची सुरुवात ही. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये नाखेमसन यांनी जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. बसल्यावर जास्त, झोपल्यावर सर्वांत कमी. साधं गणित झालं: दुखतंय म्हणजे चकती, चकतीवर दाब नको म्हणजे झोपून राहा. आठवडे-आठवडे झोपून राहा.

पण झोपणार कशावर? इथे ती झोळी परत येते. युरोप-अमेरिकेतले पलंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तारांच्या जाळीचे आणि स्प्रिंगचे होत गेले. जाळी जुनी झाली की मधोमध लोंबायची. त्यावर महिनाभर कंबरदुखीचा रुग्ण झोपवला तर त्याची पाठ केळ्यासारखी वाकणार. यावर उपाय म्हणजे 'बेड बोर्ड', म्हणजे जाळी आणि गादी यांच्या मध्ये सरकवायची लाकडी फळी. पुन्हा वाचा: जाळी आणि गादी यांच्या मध्ये. फळी गादीच्या खाली होती. तिचं काम झोळी थांबवणं एवढंच. अंगाला लागायला वर गादी होतीच.

यापुढचं माझं मत आहे, पुरावा म्हणून घेऊ नका. मला वाटतं, हा सल्ला तोंडातोंडी फिरताना त्यातली गादी गळून पडली. "गादीखाली फळी घाला" चं "फळीवर झोपा" झालं. आपल्याकडे ते पटकन रुजलं, कारण जमीन बरोबर शिस्त आणि गादी बरोबर ऐषआराम ही जोडी आपल्या मनात आधीपासून आहे. व्रतात जमिनीवर झोपायचं, विद्यार्थ्याने मऊ अंथरूण टाळायचं, बौद्धांच्या अष्टशीलातही उंच आणि ऐसपैस शय्या वर्ज्य. मनाच्या शिस्तीसाठी ते नियम ठीक असतीलही. पण मणक्याचं औषध म्हणून ते कुणी लिहिलेच नव्हते.

अमेरिकेत तर हा सल्ला शास्त्राच्या पोशाखात होता. ऑर्थोपेडिक सर्जनांच्या एका पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश जण कंबरदुखीला कडक गादी सुचवत होते. त्याला प्रयोगाचा आधार मात्र जवळपास नव्हता.

आधी पडली ती झोपून राहण्याची बाजू. १९८६ मध्ये रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांची विभागणी केली. निम्म्यांना दोन दिवस विश्रांती, निम्म्यांना सात दिवस. दुखण्यात काही फरक नाही, उलट दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे कमी. १९९५ मध्ये हेलसिंकीत १८६ पालिका कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात तर ज्यांना शक्य तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवायला सांगितलं ते सर्वांत लवकर बरे झाले, आणि दोन दिवस पडून राहिलेले सर्वांत उशिरा. शंभर-सव्वाशे वर्षांचा सल्ला दहा वर्षांत उलटला.

गादीचा नंबर २००३ मध्ये लागला. स्पेनमधल्या फ्रान्सिस्को कोवाक्स आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग 'लॅन्सेट' मध्ये आला, आणि मला तो फार आवडला. जुनाट कंबरदुखीचे ३१३ रुग्ण. प्रत्येकाच्या घरी नवी गादी. कुणाला कडक, कुणाला मध्यम कडक, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. आपल्याला कोणती मिळाली हे रुग्णाला सांगितलेलं नाही, आणि तपासणाऱ्यालाही माहीत नाही. कडकपणा मोजायला युरोपीय मोजपट्टी: १ म्हणजे सर्वांत कडक, १० म्हणजे सर्वांत मऊ. कडक गादी २.३ ची, मध्यम ५.६ ची. नव्वद दिवसांनी विचारपूस.

दोन्ही गटांना बरं वाटलं. हे आधी सांगते, कारण यातच एक धडा आहे: जुनी, बसलेली गादी काढून कोणतीही नवी गादी घातली तरी थोडा फरक पडतो. पण मध्यमवाल्यांना जास्त बरं वाटलं. अंथरुणात दुखणं, उठताना दुखणं, आणि दिवसभरातल्या हालचालींना येणारी अडचण, तिन्हींमध्ये. अडचण कमी होण्याचे ऑड्स कडक गादीच्या तुलनेत सुमारे दुप्पट. २००८ मध्ये डेन्मार्कमध्ये १६० रुग्णांवर पाण्याची गादी, अंगाचा आकार घेणारा फोम आणि जपानी पद्धतीची कडक फुतॉन अशी तुलना झाली. तिथेही कडक गादी मागे पडली, पण फरक लहान होते. म्हणजे गादी हा चमत्कार नाही. आणि कडक हे औषध नाही, एवढं मात्र नक्की म्हणता येतं.

असं का, ते बाबांच्या खांद्यावरून समजून घ्या. बाबा कुशीवर झोपतात. कुशीवर झोपलेल्या माणसाचं वजन मुख्यतः दोन जागी टेकतं, खांदा आणि खुबा. मध्ये कंबर अधांतरी. फळी दबत नाही, त्यामुळे त्या दोन जागांचं क्षेत्रफळ तळहाताएवढं राहतं आणि दाब वाढतो. १९३० मध्ये लँडिस नावाच्या शास्त्रज्ञाने नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांमध्ये काचेची सूक्ष्म नळी घालून रक्ताचा दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलीमीटर पारा भरला. बाहेरून याहून जास्त दाब बराच वेळ राहिला तर तिथला रक्तपुरवठा अडतो, असा ढोबळ हिशोब त्यावरून धरतात. निरोगी माणसाला मग मुंग्या येतात, दुखतं आणि तो कूस बदलतो. म्हणजे झोप मोडते. जो हलूच शकत नाही त्याला जखमा होतात. फार मऊ गादीत उलटं: दाब वाटला जातो, पण खुबा इतका खाली जातो की कणा वाकतो आणि कूस बदलायला जोर लागतो. आपल्याला हवंय ते मधलं. खांदा आणि खुबा बुडतील इतकं मऊ, आणि कंबरेला खालून टेकू मिळेल इतकं घट्ट. हे 'मधलं' ४५ किलोच्या बाईसाठी आणि ९० किलोच्या बुवासाठी एकच असणं शक्य नाही.

आता माझ्या विषयाकडे येते, म्हणजे दुकानात काय दिसतं.

लॅटेक्स फोम १९२९ चा. इंग्लंडमधल्या डनलॉपच्या प्रयोगशाळेत रबराचा चीक अंड्यासारखा फेटून तो बनवला. आपल्याकडच्या काथ्याच्या गाद्या त्याच चिकाच्या चुलतबहिणी. नारळाचा काथ्या कुरळा करून त्यावर चीक फवारतात आणि तापवून घट्ट करतात. पॉलियुरेथेन १९३७ चं, जर्मनीत ओटो बायर आणि सहकाऱ्यांचं. फोम फुगतो तो आयसोसायनेट आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने. भाकरी फुगते ती वाफेने, पाव फुगतो तो याच वायूने, तसंच. (आयसोसायनेट म्हटलं की भोपाळ आठवतं. तिथलं रसायन त्याच कुळातलं, पण वेगळं. तयार गादीत मोकळं आयसोसायनेट उरलेलं नसतं. कारखान्यात आणि माझ्या प्रयोगशाळेत मात्र काळजी घ्यावीच लागते.)

मेमरी फोमबद्दल "नासाचं तंत्रज्ञान" असं लिहिलेलं असतं ते खरं आहे, पण अंतराळवीरांच्या झोपेशी त्याचा संबंध नव्हता. १९६६ मध्ये चार्ल्स योस्ट यांनी नासाच्या एम्स केंद्रासाठी विमानाच्या आसनांवर काम करताना तो तयार केला. हादरा शोषून घ्यायचा आणि दाब पसरायचा हे त्याचं काम. स्वीडनमध्ये त्याची गादी झाली ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. या फोमची गंमत अशी की त्याचं काचेसारख्या घट्ट अवस्थेतून रबरासारख्या अवस्थेत जाणं साधारण खोलीच्या तापमानाच्या आसपास होतं. अंगाची ऊब लागली की मऊ पडतो. स्वीडनमध्ये हे छान. अकोल्याच्या मे महिन्यात तुम्ही टेकण्याआधीच तो मऊ पडलेला असतो आणि वर ऊब धरून ठेवतो. खोलीत कूलर किंवा एसी नसेल तर मी तरी घेणार नाही.

बाबांना घेऊन एका दुकानात गेले होते. विक्रेता भला माणूस, पण त्याचं प्रत्येक वाक्य "ऑर्थो" ने सुरू व्हायचं. ऑर्थो म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, "मॅडम, कडक." गादीवर लिहिलेलं ऑर्थोपेडिक हे विक्रीचं नाव आहे, त्यामागे रुग्णांवरची चाचणी असेलच असं नाही. मग म्हणाला, "चाळीस डेन्सिटी आहे, एकदम टणक." इथे मात्र माझ्यातली संशोधक जागी झाली. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किलोत. कडकपणाचा आकडा वेगळा असतो. साधारण आठ इंच व्यासाची चकती फोममध्ये जाडीच्या २५ टक्के दाबायला किती बल लागतं, त्यावरून तो ठरतो. त्याला आयएलडी म्हणतात. चाळीस डेन्सिटीचा फोम मऊ बनवता येतो, अठ्ठावीसचा कडक बनवता येतो. रेसिपी बदलायची फक्त. डेन्सिटी सांगते ती गादी किती वर्षं टिकेल हे, आणि तेही प्रामाणिक फोमच्या बाबतीत. कारण चुन्याची पूड मिसळून वजन वाढवता येतं आणि डेन्सिटीचा आकडा फुगतो, टिकाऊपणा नाही. विक्रेत्याला आयएलडी विचारला. त्याने मालकाला विचारलं, मालकाने कंपनीला फोन लावला, आणि चहा आला. आकडा आला नाही.

मग आकड्याविना कशी निवडायची? बुटं काढून झोपायचं. बसून हाताने दाबून काही कळत नाही. ज्या कुशीवर घरी झोपता त्याच कुशीवर, स्वतःची उशी घेऊन, किमान पंधरा मिनिटं. लाज वाटली तरी झोपायचं, हजारो रुपये तुमचे जाणार आहेत. सोबतच्या माणसाला मागून पाठीचा फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ सरळ दिसली पाहिजे. उताणं झोपून कंबरेखाली हात सरकवून बघा. हात मोकळा आरपार गेला तर गादी तुम्हाला कडक, कूस बदलायला धडपड झाली तर मऊ. जोडप्यात वजनाचा फरक मोठा असेल तर दोन सिंगल गाद्या शेजारी टाकण्यात कसलाही कमीपणा नाही. घरी महिनाभर वापरून परत करता येते का, ते विचारा. आणि पलंगाचा तळ आधी तपासा. तळ लोंबत असेल तर त्यावर लाखाची गादीही लोंबेल. तिथे फळी घाला. खाली.

तान्ह्या बाळांना मात्र यातलं काही लागू नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला सपाट, घट्ट अंथरूणच हवं. मऊ गादी आणि उशा त्याच्या श्वासाला धोका आहेत. आणि कंबरदुखीसोबत पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप किंवा कारण नसताना वजन घटणं असलं काही असेल तर गादीच्या दुकानात नाही, डॉक्टरांकडे जायचं. लगेच.

बाबांनी शेवटी नवी फोमची गादी घेतलीच नाही. माझ्या पदवीचा यात सरळ पराभव आहे. पलंगावरची प्लायवूड तशीच ठेवली, तिच्यावर चार इंची काथ्याची गादी टाकली, आणि माळ्यावर अकरा वर्षं पडून असलेली आईच्या माहेरची कापसाची गादी खाली काढली. जुन्या बाजारात मशीनवर पिंजून देणारं एक दुकान अजून आहे. त्या माणसाने रुई हातात घेऊन चोळली आणि म्हणाला, "माल जुना है, अच्छा है." अर्धी रुई वापरून तीन इंची गादी करून दिली. आम्ही बाबांना कुशीवर झोपवून फोटो काढला, मोबाईलवर रेघ मारून बघितली. पाठ बऱ्यापैकी सरळ होती.

हा एकाच माणसावरचा प्रयोग, त्यात त्याला कोणती गादी मिळाली हे पक्कं माहीत, आणि तुलनेला दुसरा गट नाही. कोवाक्स यांनी याला पेपर म्हटलं नसतं. कंबर अजून दुखते, सकाळी फिरायला गेलं नाही तर जास्त दुखते. खांद्याचं म्हणाल तर परवा फोनवर विचारलं. बाबा म्हणाले, "आता पाचलेच जाग येते." आईने मागून आवाज दिला की गादी उन्हात टाकायचं काम कुणाचं ते आधी ठरवा, ती जड आहे आणि गच्चीचा जिना अरुंद.